टेकेचना

दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. बाप बस चालवणारा, गणवेशातच आलेला, उजवी पोटरी चोळत. लेक विमान चालवायला शिकणारी. सकाळीच पहिल्यांदा एकटीने उडवून आलेली.

"आता टेकतंय, मग टेकतंय म्हणेपर्यंत विमान आपलं पुढेच! टेकेचना!" बाप म्हणाला.

"बाबा, जमिनीच्या अगदी जवळ आलं की पंखांखालची हवा विमानाला उचलून धरते. गादीवर असल्यासारखं तरंगत राहतं. त्यात माझा वेग जरा जास्त होता."

"मग दाबायचा ब्रेक."

"हवेत कसला ब्रेक? तो चाकं टेकल्यावर."

"मग नाक तरी खाली दाबायचं!"

"मागच्या आठवड्यात तेच केलं, तर चेंडूसारखं उसळलं. सर शेजारी होते म्हणून निभावलं."

"आणि आज?"

"आज इंजिन मंद केलं, नाक अलगद वर धरलं आणि वाट बघितली. वेग ओसरला तसं बसलं आपणहून."

"एवढा वेळ नुसती वाट?"

"पुढे धावपट्टी भरपूर होती. नसती, तर परत वर गेले असते."

"मला कुंपणाबाहेरून काय कळतंय, पुढे किती आहे ते!"

"म्हणून पायाची ही दशा?"

"तू टेकेपर्यंत ब्रेक दाबूनच उभा होतो गं. तीस वर्षांची सवय."

"डॉक्टरांना काय सांगणार?"

"सांगतो, लेकीचं विमान थांबवलं."

"बरं. पण पुढच्या वेळी आधी चाकं टेकू द्या, मग दाबा."