शेम माशाचं कालवण

मी आयुष्यात एकदाच मासा शिजवलाय, कुवेतमधल्या फहाहीलच्या खोलीत. माझे रूममेट हसनभाई रत्नागिरीचे. एका शुक्रवारी सकाळी त्यांनी गळाला लागलेले पिवळ्या परांचे दोन शेम मासे आणले आणि दुपारी फोन आला, त्यांची आई गेली. त्यांचा पासपोर्ट मालकाकडे, मालक परदेशी गेलेला. जाणं शक्यच नव्हतं.

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण देतात. तिथे शेजारी म्हणजे मी, पुण्याचा शाकाहारी. मीच मासे साफ करून कालवण केलं. हसनभाई मुकाट्याने सगळं जेवले.

भांडी घासताना मी बोट बुडवून चाखलं. कडूजहर. साफ करताना माशाचं पित्त फुटलं होतं.

"हसनभाई, बोलला का नाहीत?"

"अम्मा गेली त्या दिवशीचं कालवण चांगलं लागलं असतं, तर जन्मभर लाज वाटली असती."