आडनाव चपलांपाशी

मच्छिंद्र : ...त्यानंतर शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्राचं वाचन मी करणार. मग कुलगुरूंचं मनोगत, आणि शेवटी तुमचं भाषण, सर. पाच मिनिटं.

सत्यशीला : पाचच? जन्मभर तिथं शिकवलं त्यांनी.

मच्छिंद्र : काकू, वक्ते फार झालेत. रशियन विभागाला पस्तीस वर्षं झाली म्हटल्यावर सगळ्यांनाच दोन शब्द बोलायचेत.

सर : त्यातले रशियन येणारे किती?

मच्छिंद्र : बोलणाऱ्यांत? तुम्ही आणि मी.

सर : तू काय बोलणार?

मच्छिंद्र : आभार.

सर : पत्रिकेची पहिली ओळ वाच परत. चष्मा न्हाई माझ्याजवळ.

मच्छिंद्र : 'विद्यापीठातील रशियन अध्ययनाच्या दीर्घ व गौरवशाली परंपरेचा उत्सव.'

सर : परंपरा कधी म्हणायला लागतात, ठाऊक आहे? विद्यार्थी संपले की. विद्यार्थी असतात तोवर नुसता विभाग म्हणतात.

सत्यशीला : घ्या, चहा घ्या. खाली जीपमधी माणूस बसलाय, त्यालाबी नेऊन देते.

मच्छिंद्र : ड्रायव्हर आहे, काकू. नका त्रास घेऊ. त्याला पाचच्या आत गाडी जमा करायचीय. लॉगबुकात जालन्यापर्यंतचंच लिहिलंय.

सर : जालन्यापर्यंतच. बरं. यंदा प्रवेश किती?

मच्छिंद्र : प्रक्रिया चालू आहे, सर.

सर : मच्छिंद्र, मी तुला शिकवलेलं आहे.

मच्छिंद्र : एकही नाही.

सर : मंग बंद कधी होतोय?

मच्छिंद्र : तुम्हाला कोणी सांगितलं?

सत्यशीला : सांगायला कशाला पाहिजे कोणी? चाळीस वर्षं झाली या जुन्या जालन्यात. खालच्या धान्याच्या शेठजीनं एकदाच साऱ्या गल्लीला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. तुम्ही पत्रिका घेऊन आले तवाच मी यांना म्हणले, पेढे आले.

मच्छिंद्र : बंद नाही, काकू. विलीनीकरण आहे. उद्या शुक्रवारी कार्यक्रम, शनिवारी बैठक. परकीय भाषा केंद्रात विलीन करायचा ठराव तयार आहे.

सर : हे केंद्र कुठं आहे?

मच्छिंद्र : ते अजून व्हायचंय.

सर : अन् तू? तू कशात विलीन होणार?

मच्छिंद्र : मला परीक्षा विभागात घेताहेत. उपकुलसचिव म्हणून.

सत्यशीला : मोठी जागा असती का ती?

मच्छिंद्र : गाडी असते.

सर : लॉगबुकासकट.

मच्छिंद्र : सर, तुम्ही रागवा. पण मी तरी काय करू? रशिया मोडला त्या वर्षापासून बघून राह्य... बघतोय मी. आधी तिकडून मासिकं फुकट यायची. गुळगुळीत कागद, अर्ध्या जिल्ह्यातल्या पोरांच्या वह्यांना कव्हरं त्याची. मग मासिकं थांबली, मग शिष्यवृत्त्या थांबल्या, मग पोरं. मागच्या वर्षी दोघंच होती. त्यातल्या एकाला वसतिगृहाची खोली पाहिजे होती म्हणून तो रशियन शिकत होता.

सर : खोलीसाठी का व्हईना, शिकला ना? देश मोडला त्या वर्षी पोरं मला विचारायला आल्ती, सर, परीक्षा होईल का? म्हणलं देश जाईल, परीक्षा न्हाई जात. पेपर झाला. दोन नापास.

मच्छिंद्र : मी पास झालेल्यांचं बोलतोय, सर. उद्या ते सगळे येतील. तुम्ही व्यासपीठावर असलात, की कोणी काही विचारणार नाही. शांततेत होईल. कुलगुरू मला स्वतः म्हणाले, पुंजाराम सर आले पाहिजेत.

सर : मयताला नात्यातलं माणूस लागतं. बरोबर आहे त्यांचं.

मच्छिंद्र : असं नका म्हणू.

सर : येतो मी. पण भाषण करणार न्हाई.

मच्छिंद्र : चालेल की. मी जाहीर करतो, सरांचा घसा...

सर : घसा ठणठणीत आहे. माझ्या पाच मिनिटांत मी हजेरी घेणार. माजी विद्यार्थ्यांची. पहिल्या दिवशी घ्यायचो तशी.

मच्छिंद्र : तशी म्हणजे... नाव अन् बापाचं नाव?

सर : रशियात माणसाला मानानं हाक मारायची रीत तीच आहे. मुलगा असला तर बापाच्या नावापुढं ओविच, मुलगी असली तर ओव्हना. मी नवी काढली न्हाई.

मच्छिंद्र : सर, सर्जेराव येणार आहेत. ते आता सभापती आहेत. त्यांच्या समाजाच्या संघटनेचे जिल्हाध्यक्ष आहेत. भरल्या सभेत त्यांना तुम्ही आडनाव गाळून...

सर : माझ्या वर्गात तो सर्जेराव अप्पारावोविच होता. दोन वर्षं होता. त्याला काही झालं न्हाई.

मच्छिंद्र : तेव्हा त्यांना आडनावाची गरज नव्हती. आता तेवढ्यावरच निवडून येतात.

सर : तुला तरी कुठं करमत होतं आडनावाबिगर? एक्याऐंशी साल. पहिला तास. मी म्हणालो, मच्छिंद्र काकासाहेबोविच. तू उभाच राहिना.

मच्छिंद्र : मला वाटलं, दुसरा कोणी असेल.

सर : दुसऱ्यांदा म्हणालो, तर उभा राहिलास अन् काय म्हणालास?

मच्छिंद्र : राहू द्या ना, सर.

सत्यशीला : मला माहीत आहे. 'आडनाव राहिलं, सर.' घरी येऊन सांगितलं होतं यांनी. हसत न्हव्हते मात्र.

सर : मंग मी काय म्हणालो?

मच्छिंद्र : म्हणालात, ते बाहेर चपलांपाशी ठेव. जाताना घालून जा.

सर : घालून गेलास?

मच्छिंद्र : गेलो. गावात शिरायचं म्हणजे घालावंच लागायचं. परतूर स्टेशनावर उतरलं की पाटलाचा पोरगा. पण सकाळच्या औरंगाबादच्या गाडीत... तुम्ही जालन्याला चढायचात, मी तुमच्यासाठी खिडकी धरून ठेवायचो. 'पुंजाराम भिकाजीविच, इकडं या.' अख्खा डबा वळून बघायचा. बदनापूरपर्यंत लोक ठरवत बसायचे, आपण कुठले म्हणून.

सर : एक जण म्हणाला होता, केरळी असतील.

सत्यशीला : यांच्या वडलांना गावात भिक्या म्हणायचे. आमच्या सासऱ्यांना. म्हातारा झाला तरी भिक्या. लहान लहान पोरंसुदा.

मच्छिंद्र : हे मला ठाऊक नव्हतं, काकू.

सत्यशीला : कसं असंल? तुम्ही जीविच लावून बोलायचे.

सर : बाप माझा वेशीबाहेर जन्मला, वेशीबाहेरच गेला. छप्पनला दीक्षा घेऊन आला, तरी गावाच्या तोंडात भिक्याच. 'जी' त्याच्या नावात होता, पण तो कोणी उच्चारला न्हाई. तो गेला, अन् पुढं मी विभागात लागलो. मंग तीसेक वर्षं पोरं दर तासाला त्याचं नाव घ्यायची, जीसकट. पाटलाची, देशमुखाची, वाण्याची. घ्यावंच लागायचं. त्याशिवाय शिक्षकाला हाक मारता येत न्हाई त्या भाषेत. आता तुझ्या मानपत्रात मी कोण आहे?

मच्छिंद्र : पूर्ण नाव आहे. आडनावासहित. तशीच पद्धत आहे, सर.

सर : हं.

मच्छिंद्र : आमचे वडील आले होते इथं एकदा. तुम्हाला आठवतं?

सर : काकासाहेब? आठवतंय. आडनाव विचारलं मला. सांगितलं. मंग चहा राहिला कपात.

सत्यशीला : साय धरेपर्यंत बसले होते. तसे बोलले चांगलं. पीकपाणी विचारलं.

सर : पण तुझं नाव काढून न्हाई नेलं त्यांनी. हेबी लक्षात ठेवावं लागतं.

मच्छिंद्र : घरी आल्यावर म्हणाले, भाषा रशियाची आहे, मास्तरची थोडीच आहे. शिक.

सर : हुशार माणूस. बराबर तेच कारण होतं माझंबी.

मच्छिंद्र : म्हणजे?

सर : मी मराठी घेऊन बसलो होतो आधी. तोंड उघडून 'न्हाई' म्हणालो, की वर्ग हसायचा. ज्यांच्या घरात ती भाषा धुतलेली होती ती पोरं पुढं, मी मागं. मंग रशियनच्या वर्गात गेलो. तिथं एक स्वर आहे, पोटात कोणी बुक्की मारल्यावर निघतो तसला. प्राध्यापकाचा पोरगा अडला, मी अडलो. सगळेच अडाणी. कोणाच्या आजोबाला येत न्हव्हतं. जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या बराबरीनं चुकलो मी, मच्छिंद्र. लई सुख वाटलं.

सत्यशीला : अन् ते सुख घरी आणलं यांनी. नवीन लग्न झालेलं. मला हाक मारायचे, सत्यशीला किसनोव्हना. सासूबाईंना वाटायचं, शिवी देऊन राह्यले.

मच्छिंद्र : किसन म्हणजे तुमचे वडील?

सत्यशीला : जिनिंगमधी होते कामाला. लग्न झालं अन् शाळेत, रेशनवर, बँकेत, सगळीकडं माझ्या नावापुढून माझा बाप काढला अन् यांना बसवलं. मी मास्तरीण असून माझ्या हातानंच खोडलं. एका यांच्या तोंडात तेवढा राहिला तो. असो. चहा निवला तुमचा.

मच्छिंद्र : पितो, काकू. पितो.

सर : यंदा कोणीच आलं न्हाई का रे? नुसतं विचारायलाबी?

मच्छिंद्र : एक मुलगी आल्ती.

सर : कुठली?

मच्छिंद्र : परतूरची. आई संगं होती. शिवकन्या नाव. बारावीला चांगले मार्क आहेत. मी म्हणालो, रशियन कशाला, नोकरी नाही त्यात. तर म्हणाली...

सर : काय म्हणाली?

मच्छिंद्र : म्हणाली, इथं असा विषय कोणता आहे, जो कोणालाच घरून येत नाही?

सर : मंग?

मच्छिंद्र : सोमवारी ये म्हणालो.

सत्यशीला : बैठक शनिवारी म्हणले ना तुम्ही?

मच्छिंद्र : हो.

सर : एक विद्यार्थी पटावर असला तर विभाग बंद करता येत न्हाई. त्याचा डिप्लोमा पुरा होईस्तोवर. हा नियम आहे अजून, का तोबी विलीन झाला?

मच्छिंद्र : आहे.

सर : डिप्लोमा दोन वर्षांचा. प्रवेश द्यायचा अधिकार विभागप्रमुखाचा. विभागप्रमुख कोण आहे सध्या?

मच्छिंद्र : सर, दोन वर्षांनी काय होणार? एका मुलीनं काय फरक पडतो? अन् माझी जागा जाईल ती जाईलच. पुन्हा लोक म्हणतील, स्वतःची खुर्ची वाचवायला पोरगी धरून आणली.

सर : म्हणतील. दोन वर्षांनी काय होईल, मला ठाऊक न्हाई. दोन वर्षं एक पोरगी सगळ्यांच्या बराबरीनं चुकंल, एवढं ठाऊक आहे.

मच्छिंद्र : वर्गात एकटीच असेल ती. बरोबरी कोणाशी?

सर : तुझ्याशी. तू तरी कुठं बोललास दहा वर्षांत रशियन? तिच्या बापाचं नाव काय?

मच्छिंद्र : विचारलं मी. म्हणाली, बाप सोडून गेला. त्याचं नाव लावत नाही.

सर : आईचं?

मच्छिंद्र : द्वारकाबाई.

सर : शिवकन्या द्वारकोव्हना.

सत्यशीला : आईच्या नावावरून असतंय का त्यांच्यात?

सर : न्हाई.

सत्यशीला : मंग?

सर : त्यांनी परतूर पाहिलेलं न्हाई. उद्या हजेरीत शेवटचं नाव तेच घेणार मी. ती सभागृहात असंल तर उभी राहील. पत्रकार येणारेत ना?

मच्छिंद्र : सर, हे... हे नाही जमणार. माझा संसार आहे. तुम्ही उद्या नुसते बसा. हात जोडतो.

सर : जोडू नको. मी तुझ्यावर काही टाकत न्हाई. शाल घेईन, नारळ घेईन. फक्त आत्ता एकदा हजेरी घेऊ दे. सवय मोडलीय. सत्यशीला किसनोव्हना.

सत्यशीला : ज्द्येस. इथंच हाय. हात पिठाचे हायेत माझे.

सर : शिवकन्या द्वारकोव्हना. ती न्हाई आलेली. मच्छिंद्र काकासाहेबोविच.

(मच्छिंद्र कप खाली ठेवतो. गल्लीत जीपचा हॉर्न वाजतो. पुन्हा वाजतो.)

सर : गैरहजर लिहू का?

मच्छिंद्र : थांबा जरा. काकू, खाली त्याला सांगता का, जा म्हणावं तू औरंगाबादला.

सत्यशीला : अन् तुम्ही?

मच्छिंद्र : सोमवार लांब पडतो. परतूरला जाणारी गाडी कितीला हाय आता?