आईला चिकटलेलं पिल्लू

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंना शेजारच्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं. नवरा वनरक्षक होता आणि तापाने फणफणला होता.

“माकडं तापाने मरताहेत, हे तुम्हीच सांगितलंत. आणि मेलेल्या माकडाला हात लावलात?”

“हातमोजे होते.”

“मग तसं डॉक्टरांना सांगा.”

“नंतर काढले.”

“का?”

“पिल्लू मेलेल्या आईच्या पोटाला घट्ट चिकटलं होतं. हातमोजे घालून सुटेना.”

“कुठे आहे ते पिल्लू?”

“घरामागच्या खोपटात. तुला सांगणारच होतो.”

“अहो, घरी पोरगी एकटी आहे.”

शिंपीणबाई नकळत बाकाच्या टोकाला सरकल्या. बायकोने घरी फोन लावला.

“बाळा, नीट ऐक. मागच्या खोपटात जाऊ नकोस.”

पलीकडचा आवाज शिंपीणबाईंनाही ऐकू आला.

“हळू बोल ना, आई. आत्ताच झोपलंय माझ्या मांडीवर.”