चहाची गाळणी

तुम्ही मला चिडकी म्हणता ना, मग हे ऐकाच. आमच्या अकोल्याच्या घरी नवऱ्यानं हौसेनं माशांची टाकी आणली. तिच्या मागे अरुंद कप्पा आहे. वरचं पाणी त्यात पडतं आणि पंपाकडे जातं. कप्प्यावरची जाळी "दिसायले बरी नाय" म्हणून यांनीच काढली. रविवारी मुलीचा लाडका सोनेरी मासा नेमका त्यात पडला. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं.

"अहो, उठा, तो मरून राहिला!"

"मासाच तर हाय. कावून घाबरून राहिली?" मोबाइलमधून मान वर नाही.

मासा तळाच्या बोटभर पाण्यात तडफडत होता. माझा हात आत जाईना. शेवटी लांब दांड्याची चहाची गाळणी आणली. दोनदा मासा निसटला, तिसऱ्यांदा वर आला. टाकीत सोडल्यावर शेपूट हललं, तेव्हा कुठे मुलगी थांबली.

"पाह्य, निंघाला ना! उगाच बोंबलते. आता चहा टाक."

टाकला. त्याच गाळणीनं गाळला. ती मी धुतली होती का, ते खरंच आठवत नाही. रागात माझं असंच होतं.

पहिला घोट घेऊन म्हणाले, "आज चहाले काही वेगळीच चव हाय. रोज असाच करत जाय."