रस्सा चाखणार कोण?

नाही, मी बोलणार नाही असं सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं! भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, त्साय वहिनी, मी भातावर रस्सा वाढणारा माणूस, मला शाळेतनं काढलं आणि मांस कापायला बसवलं, मला भाषण कुठलं येतंय? तर काय म्हणतात, "भाऊजी, भाषण नकोच. तुमचं दुःख सांगा." दुःख! आणि माझं दुःख ऐकायला देवळामागच्या हॉलात खुर्च्या मांडल्यात, पंखे लावलेत, वर बिनसाखरेचा चहा ठेवलाय! बिनसाखरेचा! या आपल्या ताइनान शहरात, जिथं माशाच्या पेजेतसुद्धा साखर पडते... देवळातला देव तरी हा चहा घेईल का, विचारा त्याला!

तर हे लिव्हरवर चरबी चढलेल्या बायकांचं मंडळ, त्साय वहिनी त्याच्या प्रमुख. दरवर्षी एका नवऱ्याला धरून उभं करतात. यंदा मी सापडलो. आणि ती बघा, पुढच्या रांगेत, निळी टोपी, ती माझी बायको, सिउखिम. डोळे वटारतेय. वटार! तूच पाठवलंस ना मला इथं?

आता तुम्हाला सांगतो, मी मागत काय होतो? एक चमचा. बाकी काही नाही.

म्हणजे असं, की आमचं दुकान माझ्या बापाचं, पातेलं बापाचं, रस्सा बापाचा. डुकराचं मांस कातडीसकट, चरबीसकट हातानं बारीक कापायचं, मशीनचं नाही चालत, मग सोया सॉस, तळलेला कांदा, खडीसाखर, आणि मंद आचेवर ठेवून द्यायचं. हे सगळं मी करायचो. पण चाखायची ती! लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासून. माझी जीभ सिगारेटींनी जळलेली, मला खारट कळतं, गोड कळतं, पण बरोबर कळत नाही. बरोबर तिला कळायचं. सकाळी केस वर बांधून यायची, चमचा बुडवायची, फुंकर मारायची, डोळे मिटायची... आणि मी शटरला हात लावून उभा. श्वास रोखून! मग ती म्हणायची, "हं." बस. एवढंच. "हं" आलं की शटर वर. नाही आलं तर शटर खाली, बाहेर गिऱ्हाईक बोंबलेना का! अहो, एवढ्या वर्षांच्या संसारात मला कुणी कधी छान म्हटलं असेल तर ते त्या एका "हं"मध्ये.

आणि मग ते पोटाचं चित्र काढलं दवाखान्यात. तिला उजवीकडे जड जड वाटायचं, दुपारी भांडी घासताना तिथंच बसून डुलक्या घ्यायची. मी म्हटलं वय झालं. डॉक्टरीणबाई पोरगी हो, आमच्या नातीच्या वयाची, पडद्याकडे बघते आणि सिउखिमला विचारते, "आजी, दारू घेता का?" मी ताडकन उठलो! दारू? अहो, हिच्या लग्नात, हिच्या स्वतःच्या लग्नात, सगळ्या टेबलांपाशी फिरून पेला उंचावला तेव्हा हिच्या पेल्यात चहा होता! मी बघितलंय! पण गल्लीला कोण सांगणार? लिव्हर म्हटलं की बाटली, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. समोरचा मासेवाला मला म्हणतो, "काय रे आ-हॉक, बायकोला एवढं काय छळतोस, की बिचारी चोरून प्यायला लागली?" तिचे गाल लाल म्हणे! वाफेनं लाल होतात रे, गाढवा, पातेल्याच्या वाफेनं!

तर डॉक्टरीण म्हणाली, न पितासुद्धा होतं हे, बायकांना फार होतं. मग विचारलं, "आजी, खाण्यात काय असतं?" आजीच्या आधी मीच अभिमानानं सांगितलं, की रोज सकाळी चरबीचा रस्सा चाखते, एकदा नाही, साखर घातल्यावर एकदा, कांदा घातल्यावर एकदा, उकळी आल्यावर परत, आणि दुपारी उरलेला भात त्याच रश्शात. आमच्याएवढा गोड रस्सा गावात कुणाचा नाही! ती पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी खाटीक आहे आणि सुरी अजून हातातच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिउखिम आली, केस बांधून आली, पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हाताऱ्या, आजपासून मी चाखणार नाही." आणि गेली! पायात कॅनव्हासचे बूट! शाळेच्या मैदानात चालायला! या तुम्हा बायकांबरोबर!

मी म्हटलं, ठीक आहे. लिव्हर बिघडलंय ना? मग लिव्हर दुरुस्त करू. आणि लिव्हर कशानं दुरुस्त होतं? लिव्हरनं! गुडघ्याला पायाचा रस्सा, डोक्याला भेजा, आमच्या आईनं आम्हाला असंच वाढवलं. मी बाजारात जाऊन ताजं डुकराचं काळीज आणलं, म्हणजे लिव्हरच, गरम गरम, बोट लावलं तर थरथरतंय असं, आणि तिळाच्या काळ्या तेलात आलं परतून, वर तांदळाची दारू ओतून बाळंतिणीला देतात तसं सूप केलं. दारू का? अहो, शिजवायची दारू ती! उडून जाते! रोज केलं. रोज एक वाडगा. आणि हिनं काय करावं? गपचूप प्यायली! मंडळाला सांगितलं नाही, डॉक्टरला सांगितलं नाही. पुढच्या तपासणीला आकडे वर, आणि सगळं बाहेर आलं! त्साय वहिनी माझ्या दुकानात शिरल्या, हात कमरेवर, "भाऊजी, तुम्हाला बायको नकोय का?" मी म्हटलं, हवीय म्हणून तर सूप करतोय! मग सिउखिमकडे वळल्या, "आणि तू गं? तोंड नव्हतं तुला?" तर ही खाली बघून म्हणते, "म्हातारा समोर बसून बघत असायचा. वाडगा रिकामा झाला की हसायचा. कसं नाही म्हणू?"

...पाणी द्या जरा. चहा नको, पाणी.

तर सूप बंद. रस्सा तर आधीच बंद. टेबलाच्या त्या बाजूला ही उकडलेला पाला खाते, माशाचा तुकडा, मूठभर भात. या बाजूला मी. एकाच ताटातलं खाऊन म्हातारे झालो, आणि आता मला माझ्या वाडग्यातली चरबी तिला दिसू नये म्हणून हात आडवा धरावा लागतो! आणि दुकानात सगळा गोंधळ. रस्सा चाखणार कोण? त्साय वहिनींच्या नवऱ्याला चाखायला दिला, तो कशालाही छान म्हणतो, बायकोला घाबरून त्याला सवयच लागलीय. मासेवाल्याला सगळ्यात मासाच लागतो. शेवटी एक दिवस मीच चमचा बुडवला, डोळे मिटले, आणि मीच मला म्हटलं, "हं." अहो, हसू नका. तिच्यासारखं म्हणायला गेलो, आवाज फुटला, खोकला आला.

मी तिला म्हटलं, एक चमचा गं. एका चमच्यानं काय मरतेस का? तर म्हणाली, "मरायचं नाही म्हणूनच नको."

मग मी सकाळी शटर अर्धं वर करून मैदानाकडे जायचो. कशाला? असंच. कुंपणाबाहेरनं बघायचो. तुम्ही सगळ्या हात हलवत चालताय, आणि ही पुढे, टोपी घालून. पहिल्यांदा धापा टाकायची, मग हळूहळू धापा गेल्या. ती मियाओचेन, ती बसलीय ना तिकडे खांबाजवळ, आंब्याचं दुकान तिचं, सगळं आयुष्य आंबे विकले आणि आता अख्खा आंबा खायची बंदी! ती सकाळी एक आंबा खिशात घालून आणायची. मध्येच थांबायची, काढायची, हुंगायची... डोळे मिटून, देठाजवळ... मग परत खिशात, आणि चालायला लागायची. मला वाटलं, या बाईला माझं कळेल. मी कुंपणावरनं विचारलं, "मियाओचेन, आंबा हुंगून भागतं का गं?" ती म्हणाली, "नाही भागत, काका. पण वास तरी माझा आहे." आणि रस्त्यावर रोज माझ्या रश्शाचा वास सुटलेला, आणि सिउखिम नाक दाबून पलीकडच्या बाजूनं जाते! मी काय मागत होतो? एक चमचा!

वर्ष गेलं. ही बारीक झाली, दुपारच्या डुलक्या गेल्या, जिना चढताना मीच मागे. परवा पोटाचं नवं चित्र काढलं. डॉक्टरीण हसली! पहिल्यांदा दात दिसले तिचे. म्हणाली, आजी, चरबी पुष्कळ उतरली, असंच चालू ठेवा, कधीमधी चव घेतलीत तर हरकत नाही, चवच हं. मी त्या "चव" शब्दाचं बोट धरूनच घरी आलो!

सकाळी पातेलं असं केलं, बापाच्या हातून झालं नसेल. खडीसाखर मोजून, बरोबर पहिल्यासारखी. सिउखिम आली. केस बांधले. चमचा घेतला. फुंकर मारली. डोळे मिटले. मी शटरला हात लावून उभा, श्वास रोखून, एक वर्षाचा श्वास हो...

आणि थुंकली! मोरीत! चुळा भरल्या! "शी! हा काय पाक केलायस? माणसं खातात हे?" गिऱ्हाईक बाहेर उभं! बापाचा फोटो भिंतीवर! "म्हाताऱ्या, पूर्वीपासून एवढं गोड घालतोस?" पूर्वीपासून! तूच तर म्हणायचीस, "हं"!

रात्री तोंड फिरवून झोपलो. पण सकाळी हात आपोआप साखरेकडे कमी गेला. आणि ही आली! न बोलावता! जिभेच्या टोकावर थेंब घेतला. "अजून गोड." दुसऱ्या दिवशी परत. "अजून." आता रोज येते, चालायला जायच्या आधी, रोज नाक मुरडते, रोज माझ्याशी भांडते. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, आ-हॉक, साखर महाग झाली का? विचारू दे.

सिउखिम, तू जरा बाहेर जाऊन ये. जात नाहीस? बरं, कान झाक. तुम्हाला म्हणून सांगतो... मला आता कळलंय किती साखर लागते ते. केव्हाच कळलंय. एका भांड्यात गिऱ्हाइकांसाठी बरोबर करून ठेवतो. आणि तिच्या चमच्यापुरता रस्सा वेगळा, त्यात खडा जरा जास्त. कारण बरोबर लागला तर ती "हं" म्हणेल आणि बूट घालून निघून जाईल. नावं ठेवायची असली की थांबते. बराच वेळ थांबते.

हसताय काय? टाळ्या नकोत. माझं म्हणणं आहे तिथंच आहे. माझ्या बापाच्या रश्शावर, बापाच्या फोटोसमोर, भर गिऱ्हाइकांत मोरीत थुंकणाऱ्या बाईनं अजून माझी माफी मागितलेली नाही, आणि मागेल असं तिच्या तोंडाकडे बघून वाटतही नाही, पण मंडळाच्या कानावर घालून ठेवतो, आरोपीचं नाव सिउखिम.