किड्यामकोड्यांची फाईल

जन्म माझा मध्य प्रदेशातल्या इच्छापूरचा, देवीच्या टेकडीखालचा, तिथून महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की घरात मराठी बोलायचं, शाळेत हिंदी लिहायचं, आन भांडायचं दोन्हीत. नाव शोभा. पन आधी सांगा ताई, हे तुम्ही लिहून घेता ते कोन वाचनार? नाई, तुमच्यावर शक नाई घेत, पन विचारून घ्यायची सवय पडली. जन्मभर लोकांच्या घरी जाऊन कंप्युटर दुरुस्त केले ना, भरोसा बसत नाई पटकन.

बाप माझा बुऱ्हानपूरला कोर्टाबाहेर टाईपरायटर घेऊन बसायचा, लोकांचे अर्ज टाईप करायचा. त्यानंच मला शिकवलं, हिंदी बी, मराठी बी. म्हनायचा, शोभे, बोटानं वाचायचं, डोक्यानं नाई, दुसऱ्याचं घर आपल्या घरी आनायचं नाई. लग्न बुऱ्हानपुरातच झालं, नवरा पावरलूमवर, मी टाईपिंग क्लासात शिकवायला. मंग क्लासवाल्यानं टाईपरायटर भंगारात घातले आन कंप्युटर आनले, तर मी पन शिकली, काय करता. त्या वर्षांत घराघरात कंप्युटर येऊन राहिले व्हते, टीव्हीसारखं त्याच्यावर कपडा टाकायचे, हार घालायचे, आन महिनाभरात बिघडवून बसायचे. मंग बोलवायचे मला.

काय सांगू तुम्हाला, काय काय पाहिलं. कोनाचा आवाज बंद, कोनाचं प्रिंटर अडून बसलेलं, कोनाच्या पेनड्राईव्हमधून व्हायरस आलेला. विचारलं काय केलं व्हतं, तर सगळ्यांचं एकच, मॅडम आम्ही काहीच नाई केलं. घरातला कोनीच काही करत नाई, कंप्युटर आपोआप बिघडतो! आन मी काम करायला बसली की मागं एक जन उभा. बाई मानूस, पिशवी घेऊन आली, आतलं काही काढून तर नाई नेनार. एका घरी तर कंप्युटरच्या डब्याच्या स्क्रूवर नेलपॉलिशचे टिपके लावून ठेवले व्हते, खोलला तर कळावं म्हनून. मी पन कमी नाई बरं. हात लावायच्या आधी त्यांच्यासमोर सगळं चालवून दाखवायला लावायची, हे चालू, हे बंद, नंतर माझ्यावर नाव नको.

तर मास्तरांचं सांगते. रिटायर मास्तर, गनित शिकवायचे. घरात ते, त्यांची बायको, आन सून वंदना, धूलकोटकडची पोरगी. मुलगा इंदोरला नोकरीला, रविवारी यायचा. मास्तरांनी मला बोलावलं आन आधी बाहेरचा दरवाजा लावून घेतला. मला वाटलं काय झालं बाई! मंग टेबलावरून एक रजिस्टर काढलं, पानच्या पानं भरलेली, इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टिंबं, कशालाच अर्थ नाई. म्हने, बाई, आमच्या कंप्युटरमध्ये अकरा फायली सापडल्या, गुप्त भाषेत लिहिलेल्या आहेत, मी आठ दिवस उतरवून घेऊन राहिलो, पन उलगडत नाई, हे एक चिन्ह पहा, प्रत्येक फायलीत पहिल्या ओळीत येतं, हे त्या मानसाचं नाव आहे. कोन्या मानसाचं, मी विचारलं. तर म्हने, ते आमच्या सुनेला विचारा. ती सांगत नाई. मला माहीत नाई म्हनते आन खाली पाहते. रविवारी मुलगा येऊन राहिला, तिला माहेरी पोचवून देनार.

मी पाहिलं तर वंदना विळीवर भाजी चिरत बसलेली, डोळे सुजलेले. मास्तरांची बायको सैंपाकघराच्या दारात, चौकट धरून. दोघी एकमेकीकडं पाहत नव्हत्या. मला पन वाटलं, खोटं कशाला बोलू, की पोरीचं काही तरी असंल.

कंप्युटर चालू केला. फाईल उघडली आन मला हसूच आलं असतं, पन ते घर हसायचं नव्हतं. मी विचारलं, मास्तर, मशीन इतक्यात फॉरमॅट केली का? म्हने, हो, हळू चालायची, दुकानातून करून आनली महिन्यापूर्वी. झालं! तेव्हा मराठी लिहायला वेगळा फाँट लागायचा, तो नसला की मराठी अक्षरांच्या जागी हे असे किडेमकोडे दिसतात. फॉरमॅटमध्ये फाँट गेला, दुसऱ्या कप्प्यातल्या फायली राहिल्या. भाषा गुप्त नव्हती, साधी मराठी व्हती.

माझ्या पिशवीत सीडी असायचीच. फाँट टाकला, फाईल परत उघडली, आन वंदनाचा विळीवरचा हात थांबला ते मला पाठीमागून कळलं. स्क्रीनवर पहिली ओळ आली, प्रिय भाऊ. मी चटकन फाईलची खिडकी लहान केली. बापाचं सांगनं बोटांत व्हतं, पन डोळ्यांनी तेवढ्यात चार ओळी वाचूनच घेतल्या व्हत्या.

मास्तर म्हने, काय लपवून राहिल्या? मी म्हनली, मास्तर, हे ज्याचं आहे त्यानंच वाचावं. म्हने, माझ्या घरात माझ्यापासून लपवता? तुम्ही पन तिला मिळालेल्या! असा आवाज चढला की मी पिशवी उचलली.

तेव्हा दारातून बायको बोलली. वाच बाई. माझं आहे ते.

मास्तर फिरून पाहतच राहिले. तिचा सख्खा भाऊ रावेरला व्हता. याच मुलाच्या लग्नात मानपानावरून मास्तरांशी बोलाचाली झाली, भाऊ पंगतीतून उठून गेला, आन मास्तरांनी सांगून टाकलं व्हतं, त्या घराचं नाव इथं काढायचं नाई. तिला मोतीबिंदू, लिहायला दिसत नव्हतं. दुपारी मास्तर झोपले की ती सांगायची आन वंदना टाईप करायची. पत्र धाडलं एक पन नाई. वंदनाकडून शपथ घेतलेली, कोनाला सांगायचं नाई म्हनून.

मी वाचलं. काय असावं त्यात? यंदा केळीला पानी पुरलं का. आईची पितळेची परात तुझ्याकडंच आहे ना. तुझा गुडघा कसा आहे. आन एक ओळ अशी की इकडचे हट्टी आहेत, पन मनानं वाईट नाई, तू लहान आहे, तू ये. रजिस्टरमधलं ते मानसाचं नाव म्हनजे भाऊ, बाकी काही नाई.

मास्तरांनी रजिस्टर उचललं आन आत गेले. थोड्या वेळानं आतून मुलाला फोन करता ऐकू आलं, रविवारी यायची घाई नको करू. सुनेला मात्र एक शब्द नाई, माफी तर दूरच.

वंदना मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी म्हनली, सुटली गं बाई तू. ती म्हने, मॅडम, बाबांचं मला काही नाई वाटत, ते तसेच आहेत. पन आठ दिवस आई दारात उभ्या राहून ऐकत व्हत्या. त्यांच्या एका शब्दात माझं सुटलं असतं. मंग तिनं विचारलं, कंप्युटरला पासवर्ड कसा टाकतात? दुसऱ्या दिवशी जाऊन शिकवून आली.

भाऊ आला का? आला, पत्र धाडलं मंग मास्तरांच्या बायकोनं. दिवाळीनंतर आला, दारातच उभा राहिला, बहिनीनं बसवलं, चहा पिला, मास्तर समोर पेपर धरून बसलेले. पन आला. पुढं येत राहिला म्हने. वंदना दोन वर्षांनी नवऱ्याकडं इंदोरला गेली ती तिकडचीच झाली, सासूसाठी पत्रं लिहायला कोनी राहिलं नाई.

आता कोन बोलावतं मला? सगळं मोबाईलमध्ये आलं, तो बिघडला की नवा घेतात. माझी पन सून आहे, चांगली आहे, नाव ठेवायला जागा नाई. पन मी जवळून गेली की ती फोन उलटा ठेवते. आन मी, एवढं सगळं पाहून बसलेली बाई, माझी नजर तिकडंच जाते, कोनाशी बोलत असंल. मंग मीच उठते, गच्चीवर जाऊन दोरीवरचे कपडे काढते, वाळले नसले तरी. काय करता ताई, कंप्युटरचा व्हायरस निघतो, हा नाई निघत. तुमच्या घरात सगळे एकमेकांना विचारून बोलोत, एवढंच मागते देवीजवळ. चहा घ्या, थंडा होऊन राहिला.