आतून आलेलं उत्तर

लोक एकमेकांना वेड्यात काढतात ते घरबसल्या. मला मात्र त्यासाठी एकदा दवाखान्यात नेलं होतं.

माझी बायको इंदिरा गेली, तरी सकाळी शाळेला निघताना दाराशी "येतो गं" म्हणायची माझी सवय गेली नाही. माझी थोरली बहीण, आक्का, माझं करायला माढ्याहून आली होती. दोन दिवस तिनं ऐकलं आणि ती घाबरली. शाळेत कळलं तर मला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडतील, या धास्तीनं तिनं मला आमच्या गावातल्याच भवानी पेठेतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर नव्हते, कंपौंडर होते.

"मास्तर, कपडे फाडता का?"

"नाही."

"लोकांस्नी दगड मारता?"

"अजून तरी नाही."

"मग कसलं वेड? उगं वेड्यांचं नाव खराब करता की!"

आक्का कळवळून म्हणाली, "अहो, हा गेलेल्या बायकोशी बोलतो!"

कंपौंडरांनी मान वर केली. "ती उलट काय म्हणती?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मग भ्यायचं काम न्हाय. पोटातला वात डोक्यात चढलाय. तीन दिवस एरंडेल घ्या. उत्तर आलं, तर मात्र पुण्याला जावं लागंल."

घरी येऊन आक्का स्वयंपाकाला लागली. तेल तापलं तशी तिची हाक ऐकू आली, "इंदिरे, जिऱ्याचा डबा कुठं ठेवलास गं?"

मी दारातच उभा होतो. फळीवरची बाटली काढली. तीन दिवस एरंडेल आम्ही दोघांनी निम्मं निम्मं घेतलं.

चौथ्या दिवशी निघताना मी म्हटलं, "येतो गं."

आतून उत्तर आलं, "लवकर ये."

आवाज आक्काचा होता, म्हणून पुणं टळलं.